इन्स्ट्रक्टर ओळखायचा तर त्याला दोरी गुंडाळताना बघा

पावसाळा जवळ आला की मला दोन-चार मेसेज ठरलेले. दादा, मला पण ट्रेकिंग-रॅपलिंगचा (रॅपलिंग म्हणजे दोरीने कडा उतरणं) इन्स्ट्रक्टर व्हायचंय, आपल्या खान्देशात कोणाच्या हाताखाली शिकू? नाव मी कोणाचंच सांगत नाही, माणूस कसा बघायचा तेवढं सांगतो, कारण माझी पहिली निवड साफ फसली होती.

बारावीनंतर जळगावला कॉलेजला आलो, एका ग्रुपचे रील्स बघितले आणि गेलो. तिथले सर म्हणजे एकदम हिरो, गॉगल काय, ड्रोन काय. सहा महिने फुकट राबलो, लोकांच्या बॅगा उचलल्या, पोहे वाटले. मग एकदा रॅपलिंगला कड्यावर उभा होतो आणि रांगेत मागे असलेला एक काका म्हणतो, पोरा तुझा पट्टा बघ. हार्नेसचा (दोरीला अडकवायला अंगात घालतात त्या पट्ट्यांचा) कमरेचा पट्टा बकलमधून उलटा फिरवून परत ओवायचा असतो, माझा एकदाच ओवलेला होता. चूक माझी, पण तपासायचं काम सरांचं आणि सर तेव्हा व्हिडिओ काढत होते. त्या दिवसानंतर मी गेलो नाही.

नाना भेटले ते नंतर. पन्नाशीचा माणूस, चाळीसगावकडचा, घरी चार एकर कापूस. उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला, त्यात ए ग्रेड आली म्हणून ऍडव्हान्स करता आला, पुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं त्याचा कोर्स. (तुम्हाला पण हाच रस्ता आहे, ए ग्रेड नसेल तर पुढचं दार उघडत नाही, म्हणून बेसिकला तयारी करूनच जा.) पण हे सर्टिफिकेट मला तीन महिन्यांनी कळलं, तेही त्यांच्या घरी माळ्यावरून पाण्याचा पाइप काढताना फाइल खाली पडली म्हणून.

पहिल्या दिवशी मला वाटलं गाठी शिकवतील, तर नानांनी दोरी गुंडाळायला बसवलं. नुसती गुंडाळायची नाही, अख्खी ४० मीटर दोरी चिमटीतून सरकवत जायची, कुठे मऊ लागते, कुठे फुगलीय, कुठे कडक झालीय. मी गप्पा मारत सरकवत होतो. नानांनी मागून हात घातला, एक वीतभर जागा दाबून दाखवली, म्हणाले इथं आतला गाभा गेलाय. वरून काहीच दिसत नव्हतं हो! दोरी जवळजवळ नवी होती, मला वाटलं मधला तुकडा कापतील आणि बाकीची वापरतील, तर नाही, सगळी बाद. ती आता ट्रॅक्टरवर कापसाची बोचकी बांधायला आहे. म्हणून म्हणतो, नवीन माणसाने कड्यावरचा इन्स्ट्रक्टर बघूच नये, तिथं सगळेच शूर दिसतात. कार्यक्रम संपल्यावर, लोक गाडीत बसल्यावर, दोरीपाशी कोण बसतो ते बघा.

दुसरं, त्याला डोंगराबाहेरचं काय आवडतं ते विचारा. हा प्रश्न टाइमपास वाटतो पण नाही. नानांना गणिताचं वेड आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलो की पोरं धबधब्याकडे पळतात आणि हे भास्कराचार्यांवर सुरू होतात, की त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला, त्याचा शिलालेख आहे पाटणला, सातशे नाही आठशे वर्षं झाली. मला आधी बोअर व्हायचं. मग एकदा अँकर, म्हणजे दोरी कातळाला अडकवायची जागा, लावताना मी कातळातल्या दोन बोल्टमधल्या स्लिंग (जाड पट्ट्या) ताणून पसरट बांधल्या तर त्यांनी काम थांबवलं, २० लिटरची भरलेली बादली मागवली, कडीतून दोरी ओवली, दोन टोकं आम्हा दोघा पोरांच्या हातात. जवळ उभे राहिलो तर दहा-दहा किलो. लांब जात जा म्हणाले. दोन दोऱ्यांमधला कोन १२० अंश झाला तेव्हा प्रत्येकाच्या हाताला पूर्ण २० किलोची ओढ! बादली तेवढीच, पाणी तेवढंच. कोन ६० च्या आत का ठेवायचा हे त्यानंतर मला कोणी सांगावं लागलं नाही. गणिताचं वेड नसतं तर त्यांनीही बाकीच्यांसारखं नुसतं "जवळ बांध रे" म्हणून सोडून दिलं असतं.

तिसरा प्रश्न माझा आवडता. तुम्ही ट्रेक कधी कॅन्सल केला? आधीचे सर छाती फुगवून सांगायचे, आपण कॅन्सल करत नाही. नानांकडे यादीच आहे. एप्रिलमध्ये पारा ४४ वर गेला म्हणून, कातळावर आग्या मोहोळ बसलं होतं म्हणून, एकदा तर स्वतःला ताप होता म्हणून चाळीस लोकांना पायथ्यावरून परत पाठवलं आणि पैसे परत दिले, बायकोने आठवडाभर बोलून घेतलं.

आणि घाबरलेल्या माणसाशी तो कसा बोलतो ते ऐका. शिरपूरची एक ताई कड्याच्या टोकाला रडायला लागली, खालून सगळे "हो जाएगा, हो जाएगा" ओरडतायत. नानांनी सगळ्यांना गप्प केलं आणि शांतपणे विचारलं, "जेवन व्हयनं का ताई?" ती रडत रडत म्हणे हो. काय खाल्लं? शेवभाजी. तिखट होती का? बोलता बोलता पाय कातळावर टेकवून घेतले, वजन मागे टाकायला लावलं, ती तीन पावलं उतरली तेव्हा विषय अजून तर्रीवरच होता.

देव वगैरे नाहीत हं ते. चहाच्या आधी त्यांच्याशी बोलायचं नाही, मानधन दोनदा मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि धनत्रयोदशीला सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला जातात तेव्हा फोन लागतच नाही, दिवाळीचं काही विचारायचं असेल तर आधी विचारून घ्या. घोरतात पण.

कोणाकडेही गेलात तरी पहिला महिना प्रश्न कमी, वही जास्त. आणि नानांच्याच हाती लागलात तर कोनाचं गणित पाठ म्हणून दाखवू नका, बादली भरून आणायला लावतील, आणि विहीर लांब आहे.