माहितीपर लेखनाचे प्रकार कसे ओळखायचे? लोणार सरोवराचे उदाहरण

‘लोणार सरोवराविषयी माहिती लिहा’ म्हटले की बहुतेक वह्यांत एकच परिच्छेद उमटतो: सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, उल्कापाताने तयार झाले, पाणी खारे आहे, पर्यटक येतात. यात चूक काहीच नाही, पण ही ना धड बातमी, ना अहवाल, ना कारणमीमांसा. म्हणून लेखणी उचलण्याआधी वाचकाचा प्रश्न एका ओळीत लिहा. कसे आहे? काय घडले? का घडले? कसे करायचे? प्रकार त्यावर ठरतो आणि क्रियापदांची रूपेही त्यावरच ठरतात.

‘कसे आहे?’ याचे उत्तर म्हणजे वर्णन. इथे वर्तमानकाळ चालतो आणि नजरेचा एक क्रम लागतो: आधी विवराचा काठ, मग उतारावरचे जंगल, मग काठालगतची मंदिरे, शेवटी पाणी. मध्येच इतिहासात उडी मारली की वाचक वाट चुकतो. ‘विलोभनीय’ लिहिण्यापेक्षा ‘विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर’ लिहा. आकडा मात्र कशाचा आहे ते सांगा. काठापासून मोजलेली सुमारे १५० मीटर खोली विवराची आहे. पाणी त्या मानाने उथळ आहे. ‘सरोवर १५० मीटर खोल’ असे लिहिले की गुण जातात, आणि जायलाच हवेत. विवराच्या वयाचेही तसेच. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉन कालमापनाने (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने) सुमारे ५.७ लाख वर्षे. अशा वेळी आकड्याबरोबर पद्धतही लिहायची.

बातमी घडलेल्या गोष्टीची असते, त्यामुळे भूतकाळ. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. याची बातमी लिहायची तर मथळा (पाच-सहा शब्द), त्याखाली स्थळ आणि तारीख, आणि पहिल्या दोन वाक्यांत काय, कुठे, कधी. कोणी काय सांगितले आणि पार्श्वभूमी त्यानंतर. उल्कापाताची कथा पहिल्या परिच्छेदात घालणे ही नेहमीची चूक. जागा कमी पडली तर बातमी खालून कापतात. शेवटचा परिच्छेद गेला तरी ती पूर्ण वाटली पाहिजे. ‘मला फार आश्चर्य वाटले’ हे वाक्य बातमीत बसत नाही.

सर्वांत जास्त घसरण होते ती कारणमीमांसेत. ‘त्या वेळी टाळेबंदी होती, त्यामुळे पाणी गुलाबी झाले’ हे वाक्य पाहा. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. मधल्या पायऱ्या दाखवा: उष्णतेमुळे बाष्पीभवन वाढले, पाण्याची पातळी घटली, त्यामुळे क्षारता वाढली, खारटपणात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला गुलाबी छटा आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतही असे सूक्ष्मजीव आढळले. प्रत्येक ‘त्यामुळे’पाशी थांबून विचारा: कशामुळे? उत्तर देता आले नाही तर तिथली पायरी गळली आहे.

कृतिलेखनात आज्ञार्थ येतो: घ्या, बुडवा, नोंदवा. पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा आम्लारिधर्मी आहे याचा आकडा) तपासण्याची कृती लिहायची असेल तर आधी साहित्य: स्वच्छ चंचुपात्र, पाण्याचा नमुना, वैश्विक दर्शक पट्टी, रंगतक्ता. लिटमस लिहिलात तर पाणी आम्लधर्मी की आम्लारिधर्मी एवढेच कळेल. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास आहे, हे त्यावरून सांगता येणार नाही. एका पायरीत एकच क्रिया ठेवा. चौथ्या पायरीत अचानक चिमटा हवा झाला तर तो साहित्याच्या यादीत राहून गेला आहे. हाच प्रयोग प्रयोगवहीत लिहिताना मात्र ‘पट्टी बुडवली’, कारण तिथे केलेल्या कामाची नोंद असते.

अहवालही भूतकाळातच, पण घटनाक्रमाने: तारीख, वेळ, स्थळ, उपस्थिती, काय झाले, काय ठरले, शेवटी सचिव आणि अध्यक्षांच्या सह्या. सहलीच्या अहवालात ‘खूप मजा आली’ ऐवजी ‘३२ विद्यार्थ्यांनी तीन ठिकाणचे नमुने घेतले’ अशी नोंद हवी. माहितीपत्रक त्याहून सोपे. येणाऱ्याला लागेल तेवढेच, छोट्या वाक्यांत.

तुलनेसाठी आधी निकष ठरवा, मग दोन्ही बाजू त्याच क्रमाने भरा. अमेरिकेतल्या ॲरिझोनातील बॅरिंजर विवराशी तुलना करताना खडक, व्यास आणि पाणी हे तीन निकष पुरतात. लोणार बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकात आहे, बॅरिंजर गाळाच्या खडकांत. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर आणि ते कोरडे आहे. लोणारची मंदिरे या तक्त्यात घालू नका, समोरच्या रकान्यात लिहायला काहीच नसते.

लिहून झाले की फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. ‘घ्या’ आणि ‘घेतले’ एकाच परिच्छेदात आलेले दिसले तर दोन प्रकारांची सरमिसळ झाली आहे. तेवढी वाक्ये बदला, बाकीचे तसेच राहू द्या.