बंद पडलेल्या 'रेड बार्न'च्या इमारती कशा ओळखाव्यात आणि त्यांची नोंद कशी करावी

अमेरिकेतील ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९६१ साली 'रेड बार्न' ही हॅम्बर्गर आणि तळलेल्या चिकनची साखळी सुरू झाली. एके काळी तिची दुकाने अनेक राज्यांत होती. पुढे साखळी लयाला गेली, मालकांनी पाट्या उतरवल्या; इमारती मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळ्या व्यवसायांसाठी वापरात राहिल्या. आज त्यांची नोंद केली नाही, तर त्या पाडल्या गेल्यावर तेथे काय होते हे सांगायला कागदाचा तुकडाही उरणार नाही, म्हणून हे काम आताच हाती घ्यावे.

शोधाची सुरुवात छपरापासून करावी. साखळीच्या सुरुवातीच्या इमारती शेतावरील धान्यकोठाराच्या आकाराच्या होत्या : छपराची प्रत्येक बाजू मध्येच मोडून वरचा उतार सौम्य आणि खालचा तीव्र होतो, आणि दर्शनी बाजूस काच असे. नवा मालक काच बुजवतो, भिंतींचा रंग बदलतो, पुढे पडवी काढतो. पण छपराची मोड बदलणे खर्चाचे असल्याने ती बहुधा तशीच राहते. त्यामुळे इमारत समोरून न पाहता बाजूने आणि मागून पाहावी, कारण समोरच्या भागावरच सर्वाधिक डागडुजी झालेली असते. साखळीच्या नंतरच्या इमारतींची छपरे निराळ्या, सर्वसामान्य घडणीची होती, तेव्हा त्या केवळ नजरेने ओळखता येत नाहीत. शिवाय कोठाराच्या आकाराची दुकाने इतरांनीही बांधली. आकार हा संशयाला जागा देतो, पुरावा ठरत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

पुराव्यासाठी सार्वजनिक ग्रंथालयातील जुन्या शहर-निर्देशिका, म्हणजे शहरातील रहिवासी व व्यवसाय यांच्या पत्त्यांच्या छापील याद्या, उघडाव्यात. त्यांपैकी अनेकांत रस्त्यांच्या क्रमाने पत्ते दिलेले असतात. इमारतीचा आजचा पत्ता घेऊन वर्षामागून वर्ष मागे जावे, म्हणजे त्या जागी कोणते नाव कधी आले आणि कधी गेले ते समजते. घरक्रमांक मधल्या काळात बदलले असल्यास शेजारच्या दुकानांवरून जागा पडताळावी. काउंटीच्या (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) मालमत्ता-कर कार्यालयातील बांधकामवर्ष उपयोगी असते, पण ते पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असल्याने एकट्याने पुरेसे नाही. 'युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे'ची जुनी हवाई छायाचित्रे, तसेच स्थानिक वृत्तपत्रांतील उद्घाटनाच्या जाहिराती यांनी ते ताडून पाहावे. छायाचित्रकार जॉन मार्गोलिस यांनी अनेक दशके टिपलेली रस्त्याकडेच्या इमारतींची छायाचित्रे 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये आहेत, तीही चाळावीत.

त्यानंतरचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : तेथे काम केलेल्या माणसांशी बोलणे. 'कसे दिवस होते?' असे विचारल्यास ठरावीक गोड उत्तरे मिळतात. त्याऐवजी कोरा कागद पुढे ठेवून आतील मांडणी काढायला सांगावी. तळणीची भांडी कोठे होती, पैसे कोण घेत असे, सकाळी पहिले काम कोणते, असे विचारत गेले की हात कागदावर चालू लागतो आणि विसरलेली मागची खोली, बर्फाचे यंत्र, माल उतरवण्याचे दार हे सारे एकेक करून जागेवर येते. तो नकाशा तारीख घालून जपावा आणि मुलाखतीच्या वापरासाठी लेखी संमती घ्यावी.

इमारत टिकावी असे वाटत असल्यास 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस' या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीचा विचार करता येतो. तेथे साधारणपणे ५० वर्षांची अट असते. मात्र त्या यादीत नाव आल्याने, सरकारी निधी किंवा परवाना गुंतलेला नसल्यास, खासगी मालकाला इमारत पाडण्यापासून रोखता येत नाही; ते बंधन स्थानिक वारसा-नियमांतून येते. म्हणून प्रथम नगरपालिकेकडे चौकशी करावी, आणि मालकाला विश्वासात घेतल्याशिवाय कोणताही अर्ज करू नये.