नागपूरच्या मुलांसाठी रहस्यकथा कशी लिहावी

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना रहस्यकथेत खून लागत नाही, टोळीही लागत नाही. एखादी जिवापाड आवडती वस्तू हरवली की त्यांना तेवढं पुरतं. मात्र ती शोधायची खरी संधी गोष्टीने त्यांना द्यायला हवी.

आधी उत्तर लिहा

काय घडलं, कोणी केलं, का केलं हे पाच-सहा ओळींत लिहून काढा आणि मगच गोष्टीला हात घाला. मी सुरुवातीला असं करत नसे. लिहिता लिहिता उत्तर सुचेल या भरवशावर पुढे जायचे आणि शेवटच्या पानावर कुठून तरी एक चोर आणायचे. मुलं हिरमुसायची. त्यांनी मनापासून शोध घेतलेला असायचा आणि त्या माणसाचं गोष्टीत आधी नावसुद्धा आलेलं नसायचं.

एक गोष्ट इथेच रचून बघू. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. काल पोळा झाला, आज तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी नंदींचा पोळा. पणजोबांच्या वेळचा लाकडी नंदी सकाळी जागेवर नाही आणि संध्याकाळी पाचला तो सजवून घरोघर बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागायला निघायचंय.

उत्तर असं: नंदीचं एक चाक अडकत होतं. सगळे झोपल्यावर बाबांनी तो गल्लीतल्या सुताराकडे नेऊन दिला. सकाळी नीट झालेला नंदी बघून मुलं खूश होतील, एवढाच त्यांचा विचार. पण पहाटेच ड्यूटीचा निरोप आला आणि ते गेले. सुतारही काम संपवून, दुकानाला कुलूप लावून मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेला.

फोनचा प्रश्न मिटवा

‘मग बाबांना फोन का नाही केला?’ हे आजची मुलं पहिल्या पानावरच विचारतात. भर शहरात ‘रेंज नव्हती’ हे त्यांना पटत नाही. म्हणून आपले बाबा लोको पायलट, म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवणारे. गाडी चालवताना त्यांना मोबाइल बंद ठेवावा लागतो. नागपूरसारख्या मोठ्या जंक्शनच्या गावात असे बाबा कितीतरी घरांत आहेत.

खुणा उघड्यावर ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन खुणा पुरतात. पहिली: नंदी ओढला की अडकलेलं चाक फरशीवर रेघ उठवतं, हे आदल्या संध्याकाळी आईच्या रागावण्यातून सांगून टाका. सकाळी दारापर्यंत रेघ नाही. म्हणजे कोणीतरी तो उचलून नेला, आणि एवढा जड नंदी लहान मूल उचलू शकत नाही. दुसरी: चाकाची खुंटी. तिसरी: पोळ्याच्या दिवशी सुताराच्या दुकानासमोर दुरुस्तीला आलेल्या नंदींची रांग.

खूण लपवायची म्हणजे चार वस्तूंच्या मधोमध ठेवायची आणि लगेच वाचणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे न्यायचं. असं:

‘चपलांच्या रॅकवर बाबांचा रेनकोट, छत्रीची तुटलेली मूठ, एक लाकडी खुंटी आणि पळसाच्या डहाळ्या पडल्या होत्या. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” आणि सगळी पोरं गॅलरीकडे धावली.’

खुंटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, पण पोरांबरोबर वाचणाराही गॅलरीत पळतो.

संशय कोणावर?

नंदीसाठी हट्ट धरणारा मामेभाऊ चालेल. सकाळी येऊन गेलेला भंगारवालाही चालेल, पण त्याच्यावर संशय घेतलात तर मुलांनी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली पाहिजे, आणि तो प्रसंग एका ओळीत उरकू नका. गोष्टीत गरीब माणूस दिसला की तोच चोर, ही सवय मुलांना आपल्याकडून लागू नये असं मला फार वाटतं.

जागा पायी फिरून या

साहस नागपूरच्या रस्त्यातूनच येतं. त्या दिवशी इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे म्हणजे टीका करणारे पुतळे असतात, पाय ठेवायला जागा नसते. सुताराला त्या गर्दीत शोधायचंय आणि पाच वाजत आलेत. मुलांना कुठे वळावं लागेल, कोणत्या ओट्यावर चढून बघता येईल, हे स्वतः चालून पाहा. शोधायला निघताना मुलं आजीला सांगून जाऊ देत. त्याने थरार कमी होत नाही.

पुढच्या गोष्टींसाठी बीजं हवी असतील तर १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे संग्रहालय आहे, शून्य मैलाचा दगड आहे, कस्तुरचंद पार्कात २०१८ मध्ये खोदकाम करताना निघालेल्या जुन्या तोफा आहेत. १८१७ ची लढाई जिथे झाली त्या टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातले मोजकेच दिवस लोकांना आत जाता येतं. त्याच दिवशीची गोष्ट लिहा. मुलांना भिंत चढून घुसवू नका.

बोली

निवेदन पुस्तकी मराठीत असलं तरी संवाद गल्लीतले असू द्या. ‘नंदी कुठी गेला बे?’ ‘मले काय मालूम?’ एवढं ऐकलं की नागपूरचं पोर सरसावून बसतं.

वाचून दाखवा

उलगड्याच्या आधी थांबा आणि विचारा, नंदी कुठे असेल? एकालाही सांगता आलं नाही तर खुणा फार दडल्या आहेत. सगळ्यांनी एकदम सांगितलं तर खुंटी आणखी दोन पानं आधी न्या. पाच-सहा जणांतल्या एकाने दबकत ‘सुतार?’ म्हटलं की गोष्ट जमली.

आणि उलगड्यानंतर लगेच संपवू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना मी ही गोष्ट वाचून दाखवली, कुलूप उघडलं, नंदी सापडला आणि वही मिटली. तिसरीतली एक मुलगी तशीच बसून राहिली. म्हणाली, ‘पण बोजारा किती मिळाला?’ ते पान मी त्याच रात्री लिहिलं.