पित्ताशयातले खडे: या चुका टाळा

सगळ्या घोळाचं मूळ ‘पित्त’ या एका शब्दात आहे. घशाशी आंबट आलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, डोकं चढलं की पित्त. आणि कोकणातल्या घरात या तिन्हींवर हात आधी आमसुलांच्या बरणीकडे जातो. पित्ताशयातलं पित्त हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. ते यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. यकृताखाली बोटभर लांबीची पिशवी असते, तिच्यात ते साठतं आणि आटून दाट होतं. तेलकट-तुपकट पोटात गेलं की पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. पित्तात कोलेस्टेरॉल वाढलं किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली की आधी कण धरतात, मग खडे. पोटातल्या आम्लाशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे कोकम सरबताने खडे जात नाहीत.

वडे-सागुतीचं जेवण झालेलं असतं आणि मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली, आवळून धरल्यासारखं दुखू लागतं. कळ उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते. अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत एकसारखं दुखतं; ढेकर येऊन, उलटी होऊन किंवा कूस बदलून सुटत नाही. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकल्याचं हे दुखणं. तो मागे सरकला की ते थांबतं, आणि घरात ठरतं की प्यायलेल्या सोड्याने गुण आला. खडा आपणहून सरकतो, श्रेय सोड्याला जातं आणि तपासणी पुढच्या कळेवर ढकलली जाते. यात वर्षं जातात.

पन्नाशीच्या पुढचा माणूस, मधुमेही किंवा घाम फुटलेला रुग्ण असेल, तर असं दुखणं आलं की आधी ईसीजी काढा. हृदयाचा झटकाही पोटाच्या वरच्या भागात दुखू शकतो.

सोनोग्राफीला उपाशीपोटी जा. पहाटेच्या एसटीने रत्नागिरी किंवा चिपळूण गाठायचं आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या चहा-वडापाव घ्यायचा, हे फार चालतं. खाल्लं की पिशवी आकसते आणि आतलं नीट दिसत नाही. ६ ते ८ तास दुधाचा चहासुद्धा नको; साधं पाणी घोटभर चालतं. एक्स-रेवर विसंबू नका, त्यात पित्ताशयातले बहुतेक खडे दिसतच नाहीत.

कुळथाचं कळण आणि पानफुटीची पानं लोक मुतखड्यावर घेतात. पित्ताशयाची वाट मूत्रमार्गाला मिळतच नाही, तेव्हा हा खडा लघवीवाटे पडणं अशक्य आहे. लिंबू आणि ऑलिव्ह तेल पिऊन शौचात हिरव्या गोळ्या पडल्याचं जे सांगतात, त्या गोळ्या त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक काविळीची. तिचा क्रम ठरलेला आहे. आधी दोन-तीनदा पोटात कळ येऊन गेलेली असते. मग डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते, शौच शाडूच्या मातीसारखं फिकट, आणि अंगाला खाज. घरातले गावठी औषध देणाऱ्याकडे नेतात. तेल-तूप बंद होतं, ताक-भात सुरू होतो. चार दिवसांत पिवळेपणा उतरल्यासारखा वाटतो, कारण पिशवीतून निसटून पित्ताच्या नळीत अडकलेला खडा हलतो आणि पित्ताला थोडी वाट मिळते. विषाणूची कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून त्या औषधाचा लौकिकही मोठा. खडा मात्र नळीतच असतो. आठवडाभराने हुडहुडी भरून ताप येतो. अडलेल्या पित्तात जंतू वाढलेले असतात, ते रक्तात उतरले की रक्तदाब कोसळतो. कधी खडा नळीच्या टोकाशी बसतो आणि स्वादुपिंडाला सूज येते. मग कळ थेट पाठीत जाते. हीच कावीळ पहिल्या दोन दिवसांत दवाखान्यात आली असती, तर तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, खडा काढता आला असता. कावीळ आणि ताप एकत्र दिसले की त्याच दिवशी रुग्णालय गाठा. भातलावणीच्या दिवसांत ही लक्षणं लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापाचीही) असू शकतात, म्हणजे घरी थांबायला तेव्हाही जागा नाही.

आता उलटी घाई. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि त्रास कधीच नव्हता, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ३ सेंटीमीटरहून मोठा खडा, पिशवीत १ सेंटीमीटरहून मोठी गाठ (पॉलिप) किंवा सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर सर्जनशी बोलून ठरवा.

वजन पटकन उतरवायला उपाशी राहणं थांबवा. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन घटू लागलं की खडे होण्याचा धोका वाढतो. दिवसभर कडक उपास आणि रात्री साबुदाणा वडे, हेही पिशवीच्या जिवावरचंच.

‘खडे तेवढे काढा, पिशवी राहू द्या’ हा आग्रह सोडा. खडे तीच पिशवी करते, ती राहिली की पुन्हा होतात. खडे विरघळवणाऱ्या गोळ्या फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांना लागू पडतात, त्याही सहा महिने ते दोन वर्षं घ्याव्या लागतात, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना पुन्हा खडे होतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सहसा चार छोटी छिद्रं पाडतात. पुढे पित्त यकृतातून थेट आतड्यात येतं. काहींना काही आठवडे पातळ शौचाला होतं, इतकंच. खडे डबीत घालून घरी न्यायची हौस सगळ्यांना असते. त्याआधी एक विचारा: काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवली का? क्वचित तिच्यात कर्करोग निघतो, म्हणून तो अहवाल हातात येईपर्यंत फाईल बंद करू नका.