लेस चिकटवून शिवताना सुई चिकट होऊ नये म्हणून

पुण्याच्या रविवार पेठेतून लेस किंवा खणाची पट्टी आणली की ती टाचण्यांऐवजी गोंदाने बसवून मग मशीन मारायची, ही सोय खरंच चांगली आहे. पट्टी सरकत नाही, कोपरे नेमके बसतात. पण गोंद ओला असताना शिवू नका. तो सुईवर चढतो, टाके सुटायला लागतात, दोरा तुटतो आणि आपण उगाच बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) काढून बघत बसतो.

शाळेत मुलं वापरतात ती पाण्यात विरघळणारी ग्लू स्टिक घ्या. टाका जिथे पडणार ती रेघ सोडून, शिवणीच्या आतल्या मायेवर (आत सोडलेल्या जादा कापडावर) अगदी पातळ ठिपके द्या. पट्टी बसवून वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री दाबा, मिनिटभर गार होऊ द्या, मग शिवा. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत गोंद लवकर वाळत नाही, तेव्हा तर इस्त्री हवीच. फॅब्रिक ग्लू बहुधा कायमचा असतो. तो वाळून कडक झाला तर त्यावरून सुई नेऊच नये.

सुई चिकट झालीच, तर मशीन बंद करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. तरी टाके सुटले तर सरळ सुई बदला.

आणि पैठणीच्या काठाला गोंद लावू नका. रेशमावर डाग राहतो, आणि तो काढायला पैठणी पाण्यात घालता येत नाही. मी एकदा ब्लाउजच्या बाहीवर ही चूक केली, तो पिवळट ठिपका अजून दिसतो. तिथे हाताने कच्चा धावदोराच घाला.