पोस्टडॉकला निघालात? आधी विचारा, पगार कुठल्या ग्रँटमधून

पुण्याहून अमेरिकेत पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीला, निघालेली मुलं मला तेच ते विचारतात, कुकर न्यायचा का, जॅकेट इथून घ्यायचं का तिथून, घर कसं शोधायचं. कुकर न्या, जॅकेट तिथे घ्या, घर लॅबमधलंच कोणीतरी बघून देतं. झालं. आता जे कोणीच विचारत नाही त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

तुमचा पगार विद्यापीठ देत नाही. ऑफर लेटरवर लोगो विद्यापीठाचा असतो, पण बायोमेडिकल लॅबमध्ये पैसे बहुतेक वेळा पीआयच्या (लॅबच्या प्रमुखाच्या) ग्रँटमधून येतात आणि ती ग्रँट बहुतेक वेळा एनआयएचची असते. एनआयएच म्हणजे आरोग्य संशोधनाचं बेथेस्डातलं सरकारी खातं, वर्षाचं बजेट ४७ अब्ज डॉलरच्या आसपास, आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त पैसे देशभरातल्या विद्यापीठांना नि हॉस्पिटलांना वाटले जातात. आपल्याकडे सीएसआयआरची फेलोशिप तुमच्या नावावर असते, उशिरा येते, रडवते, पण तुमची असते. तिथे ग्रँट पीआयची आणि तुम्ही तिच्या बजेटमधली एक ओळ. ती ग्रँट गेली की ओळ गेली.

म्हणून ऑफर स्वीकारायच्या आधी विचारा की माझा पगार कुठल्या ग्रँटमधून, तिचा नंबर काय, संपते कधी, रिन्यूअल टाकलंय का. नंबर मिळाला की एनआयएच रिपोर्टर नावाची साइट उघडा, सगळं जाहीर असतं, पीआयचं नाव टाकलं तरी त्याच्या सगळ्या ग्रँट, रक्कम, तारखा दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

कर्वेनगरच्या एका मुलाने हे विचारलं नाही. तसं विचारणं उद्धटपणाचं वाटलं म्हणे. (आपल्या मुलांना उद्धटपणाची भीती नेमकी नको तिथे वाटते.) लॅबकडे एकच मोठी ग्रँट, विषय होता लोक लस घ्यायला का कचरतात. मुलगा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायकोला घेऊन गेला, वर्षाचं लीज सही केलं, फर्निचर घेतलं. २०२५ च्या मार्चमध्ये या विषयावरच्या ग्रँट धडाधड रद्द झाल्या त्यात ही पण गेली. पत्रात विज्ञान कच्चं आहे असं कुठेही नाही, फक्त एजन्सीच्या प्राधान्यक्रमात बसत नाही एवढंच. एच-वन-बीवर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. साठ दिवसांत लॅब शोधा, नाहीतर बॅग भरा. भरली त्याने. लीज मोडायला जे पैसे गेले त्यात पुण्यात वर्षभर आरामात राहिला असता. तेव्हा परत सांगते, विचारा. आणि एकच ग्रँट असलेली लॅब असेल तर दोनदा विचारा.

बरं, मग कोणी म्हणेल की सरकारी पैसे आहेत, सरकार बदललं की प्राधान्यक्रम बदलणारच, त्यात एवढं काय? यात फरक आहे आणि तो समजून घ्या, कारण तिथल्या पार्टीत आपलेच लोक तुम्हाला हे ऐकवतील. कॅन्सरला जास्त पैसे की अल्झायमरला हे काँग्रेसने (तिथल्या संसदेने) ठरवणं राजकारणच आहे आणि तसंच असायला हवं, पैसे जनतेचे आहेत. पण कुठला अर्ज चांगला हे ठरवायचं काम गेली कित्येक दशकं राजकारण्यांकडे नव्हतं. अर्ज आधी स्टडी सेक्शनकडे जातो, तिथे त्याच विषयातले बाहेरचे संशोधक १ ते ९ गुण देतात, १ सगळ्यात चांगला. मग एनआयएचमधल्या त्या विषयाच्या इन्स्टिट्यूटची सल्लागार परिषद. या दोन चाळण्यांशिवाय पैसे नाहीत. आणि २७ इन्स्टिट्यूट-सेंटर असलेल्या एवढ्या मोठ्या खात्यात राष्ट्राध्यक्ष थेट नेमतात ती माणसं दोनच, एनआयएचचा डायरेक्टर आणि कॅन्सर इन्स्टिट्यूटचा. बाकी इन्स्टिट्यूटचे डायरेक्टर राष्ट्राध्यक्ष नेमत नाहीत. ही व्यवस्था मला तरी अमेरिकेतल्या सगळ्यात शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते, आणि तिथले रस्ते, हॉस्पिटलची बिलं, हेल्थ इन्शुरन्स बघितल्यावर मी फारसं कौतुक करणाऱ्यातली राहिलेली नाही.

हात घालायचे प्रयत्न नवे नाहीत. १९९६ मध्ये सीडीसी या सार्वजनिक आरोग्याच्या सरकारी खात्याच्या बजेटमधून बरोबर २६ लाख डॉलर काढून घेतले, बंदुकांमुळे होणाऱ्या मृत्यूंवरच्या संशोधनाला जेवढे जात होते तेवढेच, आणि पुढची वीसेक वर्षं तो विषय जवळजवळ बंद पडला. २००३ मध्ये लैंगिक वर्तनावरच्या काही मंजूर ग्रँट रद्द करायची दुरुस्ती काँग्रेसच्या हाउस या सभागृहात आली, ती २१२ विरुद्ध २१० अशी दोन मतांनी पडली. दोन मतं! आणि त्याच सुमारास, १९९८ ते २००३ मध्ये, एनआयएचचं बजेट दुप्पट झालं, त्यामागे एक रिपब्लिकन सिनेटर आर्लेन स्पेक्टर आणि एक डेमोक्रॅट टॉम हार्किन. त्यामुळे हा पक्ष चांगला, तो वाईट असा सरळ हिशोब मांडू नका.

२०२५ मध्ये काय झालं ते मात्र नीट बघा. जानेवारीत नवं सरकार आल्यावर स्टडी सेक्शन थांबले. कायदा बदलून नाही, मीटिंगची सूचना फेडरल रजिस्टर या सरकारी गॅझेटमध्ये छापावी लागते, ती छापणंच थांबवलं, मीटिंग आपोआप बंद. ७ फेब्रुवारीला जाहीर केलं की इनडायरेक्ट कॉस्ट सरसकट १५ टक्के. म्हणजे वीज, प्राण्यांचं हाउस, कचऱ्याची विल्हेवाट, अकाउंट्स, हे जे मूळ खर्चाच्या वर मिळतं, बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत ते ५० टक्क्यांच्याही वर असतं. हे कोर्टाने अडवलं. आणि अडवता का आलं, तर काँग्रेसने २०१८ पासून दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकातच लिहून ठेवलंय की या दरांच्या पद्धतीला हात लावायचा नाही. ग्रँट रद्द करण्याच्या बाबतीत तसं स्पष्ट वाक्य कुठे नव्हतं. जूनमध्ये बोस्टनच्या न्यायाधीशाने रद्द करणं बेकायदा ठरवलं, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने म्हटलं की पैशाचं भांडण असेल तर दुसऱ्या कोर्टात जा. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला की ग्रँट देण्यावर राजकीय नेमणुकीच्या माणसांची नजर राहील आणि ग्रँट सोयीनुसार रद्द करता येईल असं कलम घाला.

माझं मत सरळ आहे. जे कायद्यात लिहिलं होतं ते बऱ्यापैकी टिकलं, जे निव्वळ रीत म्हणून चालत होतं ते एका वर्षात गेलं. आतल्या शेकडो लोकांनी जूनमध्ये बेथेस्डा डिक्लरेशन काढून आपल्याच डायरेक्टरला सुनावलं, धाडसच ते, पण पत्राने कलम बदलत नाही. कलमं हवीत. चाळण्यांतून पास झालेली ग्रँट शास्त्रीय कारणाशिवाय, लेखी कारण न देता रद्द करता येणार नाही, मीटिंग थांबवता येणार नाहीत, मंजूर पैसे अडवता येणार नाहीत. शेवटचं तर १९७४ च्या कायद्यात आहेच, आणि काँग्रेसच्याच ऑडिट संस्थेने, जीएओने, ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की एनआयएचच्या बाबतीत तो मोडला गेला.

आता यात तुमचं काय काम? मराठी मंडळातले काका म्हणतील, आपण पाहुणे, आपल्या कामाशी काम ठेवावं. यातले बरेच जण वीस वर्षं सिटिझन आहेत, गणपतीच्या मांडवात महापौराला बोलावून फोटो काढतात, पण स्वतःच्या मुलीची ग्रँट गेली तेव्हा त्यांना आपला काँग्रेसमन कोण हे गुगल करावं लागलं. व्हिसावर असलात तरी तुम्ही त्या मतदारसंघात राहता, प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करता येतो, पत्र लिहिता येतं. निवडणुकीला पैसे द्यायचे नाहीत, ग्रीन कार्ड नसेल तर ते बेकायदा आहे. लॅबच्या ईमेलवरून लिहायचं नाही, कामाच्या वेळात नाही, कारण ग्रँटचे पैसे लॉबिंगला वापरता येत नाहीत. आणि फोनवर विज्ञान महान आहे वगैरे भाषण नको, तिकडे फोन घेणारं बावीस-तेवीसचं पोर असतं, त्याला सांगा की तुमच्या भागातल्या अमुक हॉस्पिटलमध्ये अमुक आजारावर आम्ही काम करतो आणि बजेटमधल्या या ओळीच्या बाजूने प्रतिनिधीने मत द्यावं. मोर्च्याला जायचं का हा प्रश्न वेगळा, २०२५ नंतर व्हिसावरच्या मुलाला मी जा असं छातीठोकपणे सांगणार नाही.

पुण्यात राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. ससूनच्या आवारात बी. जे. मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्सचं एचआयव्ही-टीबीचं काम कित्येक वर्षं एनआयएचच्या पैशावर चाललंय. १ मे २०२५ ला एनआयएचने परदेशी सबअवॉर्डची (अमेरिकन संस्थेच्या ग्रँटमधून परदेशी संस्थेला पुढे दिलेल्या पैशांची) जुनी पद्धतच बंद करायचं जाहीर केलं. तुम्ही इथे अशा कुठल्या प्रोजेक्टवर असाल तर पैसे सबअवॉर्डमधून येतात का थेट, हे आजच विचारा.

बाकी थोडक्यात. एनआयएचची एफ-३२ फेलोशिप सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, पोस्टडॉकसाठीच्याच के-९९ या ग्रँटला ती अट नाही, पण पोस्टडॉकची पहिली चार वर्षं संपायच्या आत टाका. जे-वन या एक्स्चेंज व्हिसावाल्यांना स्किल्स लिस्ट नावाच्या यादीमुळे दोन वर्षं भारतात परतायची जी अट होती त्या यादीतून भारत डिसेंबर २०२४ मध्ये निघाला, पण सरकारी फंडिंग असेल तर अट राहते. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि बजेट वेळेत पास होईल यावर कोणी पैज लावत नाही, २०२५ मध्ये ४३ दिवस शटडाउन होता, म्हणजे बजेटअभावी सरकारी कामं बंद. तेव्हा रिन्यूअल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणारं असेल तर जॉइनिंग जानेवारीनंतर मागून बघा, आणि लीज वर्षाचं न करता महिन्या-महिन्याचं मिळतंय का ते विचारा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.