जुनी नोट सापडली? आधी सही वाचा

राजेहो, घरात जुनी नोट सापडली की पहिला प्रश्न येतो, "लाखाची आहे का?" माझी सगळी नोकरी नागपुरात बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, नोटांचा नाद तिथलाच. जुनी म्हणजे महाग, हे डोक्यातून काढा. आधी सही बघा.

एक रुपयाची नोट भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवाची सही. बाकी नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची, आणि त्यांच्यावर २००५ पर्यंत साल छापत नसत. म्हणून काळ सहीवरून ठरवायचा. राजा सहावा जॉर्ज आणि खाली जे. बी. टेलर, म्हणजे १९३८ नंतरची नोट. आपले सी. डी. देशमुख असतील तर १९४३ नंतरची.

१९६९ची गांधी शताब्दीची नोट आपल्याकडं बऱ्याच घरांत निघते. बसलेले बापू, मागं आपल्या वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम. एल. के. झांची सही असलेल्या या नोटा भरपूर आहेत. पण बी. एन. आदारकर दिसले तर थांबा. १९७० मध्ये ते जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, त्यांच्या सहीला संग्राहकांत मागणी असते.

मग प्रत, म्हणजे नोट किती चांगल्या अवस्थेत आहे ते. नोट खिडकीच्या उजेडात धरा. घडी कितीही दाबून सपाट केली तरी तिची रेघ उजेडात दिसतेच. धुतलेली, इस्त्री केलेली नोट हाताला मऊ लागते, करकर वाजत नाही; तिचा भाव पडतो. बंडलाच्या पिनेची भोकं मात्र चालतात, आम्हीच मारायचो ती. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन? कृपा करून नको.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नोटांवर सर्कलचं, म्हणजे नोट ज्या विभागातून निघाली त्याचं, नाव असे, त्यात नागपूर आणि अकोलाही होतं. अशी नोट मधोमध जोडलेली दिसली तर टाकाऊ समजू नका. चोरीच्या भीतीनं लोक नोट अर्धी कापून दोन टपालांनी पाठवत, पोचल्यावर जोडत.

भाव काढताना जाहिरातीतली किंमत धरू नका. लिलावात तीच सही, तोच प्रीफिक्स (नंबराच्या आधीची अक्षरं-आकडे), तीच प्रत खरोखर कितीला गेली ते शोधा. विक्रेत्याला "कितीला देता?" नाही, "कितीला घेता?" विचारा. आणि जुन्या नोटेचे लाखो देतो म्हणत आधी कमिशन किंवा टॅक्स मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय, असल्या व्यवहारात ती नाही आणि कसलं शुल्कही घेत नाही.